माळरानाला पडीक कोण म्हणते?

हिवाळ्याची चाहूल लागली की देशातील पक्षिनिरीक्षक प्रवासाची जुळवाजुळव करू लागतात. कोणी राजस्थानात भरतपूर गाठतो, कोणी ओडिशातील चिल्का सरोवराकडे वळतो, कोणी अरुणाचलाच्या धुक्याने भरलेल्या अरण्यांत शिरतो. महाराष्ट्रातला निरीक्षक भिगवण, नांदूरमध्यमेश्वर वा जायकवाडीची वाट धरतो. बर्फाच्छादित उतार, वाळवंट, सदाहरित अरण्ये, दलदली, खाड्या आणि विस्तीर्ण पठारे इतके भिन्न अधिवास एकाच देशात लाभल्यामुळे भारतात पक्ष्यांच्या तेराशेहून अधिक जातींची नोंद झाली आहे. हे वैभव डोळे भरून पाहण्यासाठी माणसे वेळ, पैसा आणि श्रम खर्चू लागली आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. मध्यमवर्गाच्या विरंगुळ्यात तीर्थयात्रा आणि थंड हवेची ठिकाणे यांच्या जोडीला आता पक्षीही येऊन बसले आहेत.

मात्र या नव्या यात्रांच्या नकाशावर औसा नाही. तुळजापूरहून लातूरकडे येणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव भुईकोट किल्ल्यासाठी ओळखले जाते. याच तालुक्यातील खरोशाची लेणी थोड्या अभ्यासकांना ठाऊक असतात, आणि किल्लारीचे नाव ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपामुळे साऱ्या जगाला कळले. पण पक्षी पाहण्यासाठी कोणी मुद्दाम औशाला उतरला, असे सहसा घडत नाही. याचे कारण या भागात पक्षी नाहीत हे नव्हे. ज्या भूमीवर हे पक्षी राहतात, तिला शासनाच्या दप्तरात आणि सुशिक्षितांच्या मनात नाव नाही, हे त्याचे खरे कारण होय. अरण्याला अरण्य म्हणतात, सरोवराला सरोवर म्हणतात. माळरानाला मात्र ‘पडीक’ म्हणतात. जे पडीक ठरते त्याची किंमत शून्य होते, आणि ज्याची किंमत शून्य ते कोणाही मागणाऱ्याच्या पदरात टाकण्यास सत्ताधाऱ्यांना संकोच वाटत नाही.

माळाचे रहिवासी

बालाघाटच्या पठारावरील औसा-निलंग्याचा हा मुलूख एकजिनसी नाही. सखल भागात काळी, भारी जमीन आहे. चढावर ती पातळ होत जाते आणि उंचवट्यावर मुरूम उघडा पडतो. या बरड, खडकाळ चढावर नांगर नीट चालत नाही. तेथे पवन्या, मारवेल, कुसळी अशी गवते वाढतात आणि अधूनमधून बोर, बाभूळ व हिवराची झुडपे दिसतात. पावसाळ्यात चार महिने हिरवा आणि उरलेले आठ महिने पिवळा-करडा दिसणारा हा माळ परक्याच्या नजरेला उजाड वाटतो. उन्हाळ्यात तो पाहणाऱ्याला येथे काही जगत असेल, हे खरेदेखील वाटत नाही.

प्रत्यक्षात दख्खनच्या माळावर जगणाऱ्या पक्ष्यांची यादी लहान नाही. आकाशात उभी झेप घेऊन गिरक्या मारत खाली येणारा डोंबारी चंडोल, मातीच्या रंगाशी एकरूप होणारी पखुर्डी, थोडे धावून थबकणारा धाविक, उघड्या खड्यांत अंडी घालणारी माळटिटवी, तारेवर बसून नाकतोड्यांवर नजर ठेवणारा खाटीक, तितर आणि लावा ही सारी माळाची प्रजा होय. यांपैकी कित्येकांना झाड नको असते. उंच झाड म्हणजे त्यांच्या दृष्टीने शिकारी पक्ष्याला बसायला दिलेली माडी. मोकळे आकाश, आखूड गवत आणि दूरवर दिसणारे क्षितिज ही त्यांच्या जगण्याची अट आहे.

हिवाळ्यात या रहिवाशांत पाहुण्यांची भर पडते. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशांत पिल्ले वाढवून आलेले भोवत्या जातीचे शिकारी पक्षी दिवसभर माळावर आणि शिवारावर खालून उडत नाकतोडे, उंदीर टिपतात आणि रात्री गवतातच एकत्र उतरतात. ज्वारी निसवू लागली की भोरड्यांचे थवे येतात. या पाहुण्यांचे आणि शेतकऱ्याचे नाते मात्र दुहेरी आहे. भोरड्या कणसे टिपतात म्हणून माळ्यावर उभे राहून गोफण फिरवणारी राखण मराठवाड्यातील जुन्या माणसांच्या आठवणीत आहे. आणि त्याच भोरड्या टोळ-नाकतोडे फस्त करतात, हेही शेतकऱ्याला माहीत होते. आता शिवारात सोयाबीनचे राज्य आले, रब्बी ज्वारीचे क्षेत्र आक्रसले, आणि त्याबरोबर हे नातेही विसरले जात आहे. तावरजेसारख्या प्रकल्पांच्या आणि माकणीजवळच्या तेरणेवरील धरणाच्या पाणवठ्यांमुळे चक्रवाक, थापट्या, शेकाट्या अशा पाणपक्ष्यांनाही या अवर्षणप्रवण मुलखात थारा मिळतो. म्हणजे सकाळी माळ, दुपारी शिवार आणि सायंकाळी पाणवठा असे तीन अधिवास एका दिवसात पाहता यावेत, अशी या परिसराची रचना आहे.

माळ केवळ पक्ष्यांनी राखलेला नाही. लातूर जिल्ह्यातील देवणी गावाने ज्या गोवंशाला नाव दिले तो देवणी, शेजारच्या कंधारचा लाल कंधारी, आणि धाराशिवकडची उस्मानाबादी शेळी ही जनावरे याच चराऊ रानांवर पोसली गेली. मेंढपाळांचे कळप पिढ्यान्‌पिढ्या या माळावरून गेले. गवत आखूड राहिले ते चराईमुळे, आणि ते पुन्हा उगवले ते कळप पुढे सरकत राहिल्यामुळे. चंडोल, मेंढी आणि मेंढपाळ ही एकाच व्यवस्थेची अंगे आहेत; त्यांतील एक काढून दुसरे टिकवता येत नाही.

एका शब्दाचे अर्थकारण

‘पडीक’ हा शब्द महसुलाच्या भाषेतून आला. ज्या जमिनीवर सारा बसत नाही ती राज्यकर्त्याच्या लेखी निरुपयोगी. साऱ्याचे महत्त्व केव्हाच ओसरले, तरी तो दृष्टिकोन मात्र टिकून राहिला. १९८५ साली केंद्र शासनाने राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन केले आणि दरवर्षी ५० लाख हेक्टर जमीन जळण-चाऱ्याच्या झाडांखाली आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. हेतू चांगला होता. परंतु झाड नाही म्हणजे जमीन ओसाड, हे त्यामागचे गृहीतक माळरानाला लागू पडत नव्हते. पुढे २०१६पासून २०१९पर्यंत राज्यात वृक्षलागवडीच्या ज्या मोठ्या मोहिमा निघाल्या, त्यांनीही मोकळ्या माळाकडे खड्डे खणण्याची जागा म्हणूनच पाहिले. लातूर जिल्ह्यात वनाखालील क्षेत्र एक टक्क्याहूनही कमी आहे. हा आकडा सांगून येथे झाडे लावा, असा आग्रह धरला जातो. बांधावर, ओढ्याकाठी, गावठाणात झाडे जरूर लावावीत. पण ज्या माळावर निसर्गतःच गवत होते तेथे गिरिपुष्पाच्या रांगा उभ्या केल्याने वन निर्माण होत नाही, माळ मात्र नष्ट होतो.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने गायरान ही सामायिक मालमत्ता होय. अशा मालमत्तेचा ऱ्हास अटळ असतो, कारण प्रत्येकजण आपला कळप वाढवत जातो, असा सिद्धांत गॅरेट हार्डिन यांनी १९६८मध्ये मांडला आणि तो पुष्कळ काळ प्रमाण मानला गेला. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी अनेक देशांतील उदाहरणांवरून दाखवून दिले की, नियम करणारे आणि नियम पाळणारे जेथे एकच असतात तेथे सामायिक मालमत्ता शतकानुशतके टिकते. २००९चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले ते या कामगिरीसाठी. भारतात एन. एस. जोधा यांनी १९८६ साली सात राज्यांतील कोरडवाहू गावांची पाहणी प्रसिद्ध केली. सामायिक जमिनी स्वातंत्र्यानंतर झपाट्याने घटल्या आणि गावातील गरिबांचे जळण, चारा व दुष्काळातील आधार या जमिनींवर श्रीमंतांपेक्षा कितीतरी अधिक अवलंबून होता, हा त्यांचा निष्कर्ष होता. याचा अर्थ स्पष्ट आहे. ज्याला दप्तर पडीक म्हणते, ते गावातील शेळीवाल्या विधवेच्या घरखर्चातील मोठे कलम असते. फक्त ते कोणत्याही ताळेबंदात लिहिले जात नाही.

नान्नजचा धडा

माळाला मान्यता हवी म्हटले की अभयारण्याची मागणी पुढे येते. येथे औशापासून शे-सव्वाशे किलोमीटरवर असलेल्या नान्नजचा इतिहास तपासून पाहणे अगत्याचे आहे. सोलापूरजवळच्या या माळावर माळढोक आहे, ही गोष्ट १९७०च्या दशकात पुढे आली. सलीम अली यांना राष्ट्रीय पक्षी म्हणून जो पक्षी योग्य वाटत होता, तो हाच. १९७९ साली सोलापूर आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांतील तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र माळढोक अभयारण्य म्हणून घोषित झाले. या रेषेच्या आत शेते आली, गावे आली, मोठ्या वस्त्याही आल्या. जमिनीच्या व्यवहारांवर आणि विकासकामांवर निर्बंध आले. ज्याने माळढोक कधी पाहिला नव्हता, अशा शेतकऱ्याच्या मनात त्या पक्ष्याविषयी अढी बसली. अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने २०१२च्या सुमारास हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आले. तोवर पक्षी जवळजवळ नाहीसा झाला होता. आज नान्नज परिसरात एखादा माळढोक दिसला तर ती बातमी होते. देशात उरलेले सुमारे दीडशे माळढोक बहुतांशी राजस्थानच्या वाळवंटात आहेत.

नान्नजने दोन गोष्टी शिकवल्या. कागदावरचे अवाढव्य अभयारण्य पक्ष्याला वाचवत नाही. आणि ज्या संरक्षणात गावाला फक्त मनाई मिळते, त्या संरक्षणाला गाव कधीच आपले मानत नाही.

भरतपूरचा अनुभव याहून कडू आहे. १९८२ साली केवलादेवला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि गुरांना बंदी झाली. त्या वर्षी उसळलेल्या संघर्षात पोलिसांच्या गोळीबाराने गावकऱ्यांचे बळी घेतले. नंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून असे आढळले की, म्हशी बाहेर गेल्यावर पाणथळीत गवत माजले, उघडे पाणी आक्रसले आणि ज्या पक्ष्यांसाठी बंदी घातली त्यांतील अनेकांचे नुकसान झाले. गुरे ही शत्रू नव्हती, ती त्या पाणथळीची मशागत करत होती. त्याच भरतपुरात सायकलरिक्षा चालवणाऱ्यांना पक्ष्यांची ओळख शिकवून वाटाडे बनवण्यात आले आणि ते उत्तम वाटाडे ठरले, ही त्या कथेची दुसरी, आशादायक बाजू आहे.

गावाच्या हाती असलेले दाखले

पक्षिपर्यटनाचा पैसा गावात पोहोचू शकतो, हे देशात इतरत्रही सिद्ध झाले आहे. अरुणाचल प्रदेशात ईगलनेस्टच्या परिसरात पुण्यातील खगोलशास्त्रज्ञ रमण अत्रेय यांनी बुगुन जमातीच्या सहकार्याने पक्षिनिरीक्षकांसाठी तळ उभारले. तेथे आढळलेल्या एका नव्या पक्ष्याचे वर्णन त्यांनी २००६ साली प्रसिद्ध केले आणि त्याला त्या जमातीचे नाव दिले. पुढे २०१७मध्ये सिंगचुंग गावाने स्वतःचे जंगल सामुदायिक राखीव म्हणून जाहीर करवून घेतले. चिल्काकाठच्या मंगलाजोडीत पूर्वी पक्ष्यांची शिकार करणारेच आज नाव वल्हवत पाहुण्यांना पक्षी दाखवतात. महाराष्ट्रात उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणजवळच्या कुंभारगावात मासेमारी करणाऱ्या कुटुंबांनी रोहित पक्ष्यांच्या हंगामात होड्या पर्यटकांसाठी लावल्या, जेवणाची सोय केली, आणि त्यांतील काहींचा दर्जा जाणकार निरीक्षकांनीही मान्य केला.

ही उदाहरणे अरण्याची आणि पाण्याची आहेत, माळाची नाहीत, असे कोणी म्हणेल. त्यालाही उत्तर आहे. गुजरातेत भावनगर जिल्ह्यातील वेळावदर १९७६पासून राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे सायंकाळी शेकडो भोवत्या गवतात उतरताना पाहण्यासाठी परदेशांतून लोक येतात. कारण तेथील गवताला कोणी पडीक म्हणत नाही. महाराष्ट्राच्या वनखात्यानेही अलीकडे पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात कडबनवाडी आणि बारामती तालुक्यात शिर्सुफळ येथे गवताळ प्रदेशाची सफर सुरू केली असून स्थानिक तरुणांना वाटाडे म्हणून काम दिले आहे. इंदापूरचा माळ पाहण्याजोगा असेल तर औशाचा माळ नाही, असे म्हणायला आधार नाही.

शून्य किमतीचा हिशेब

तरीही पर्यटनाविषयी भाबडेपणा नको. हा हिशेब कठोरपणे मांडला पाहिजे. समजा, औसा तालुक्यातील एखाद्या गावाच्या ५० हेक्टर गायरानावर हिवाळ्याच्या चार महिन्यांत २०० पक्षिनिरीक्षक आले आणि प्रत्येकाने वाटाड्या, न्याहारी व मुक्कामापोटी गावात १,००० रुपये ठेवले. गावाला मिळाले २ लाख रुपये. काही घरांना आधार देणारी ही रक्कम आहे. पण ५० हेक्टर जमिनीचे उत्पन्न म्हणून पाहिली तर ती अगदीच किरकोळ ठरते.

दुसरीकडे सौरऊर्जेची मागणी उभी आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात खाजगी जमीन भाडेपट्ट्याने देणाऱ्याला हेक्टरी वार्षिक १ लाख २५ हजार रुपये देऊ केले आहेत. त्या दराने ५० हेक्टरांचे भाडे वर्षाला ६२ लाख ५० हजार रुपये होते. पक्षी आणि सौरपट्ट्या यांची शर्यत केवळ रोख उत्पन्नावर लावली तर तीत पक्षी हरणार, हे उघड आहे. म्हणून माळ राखण्याचा युक्तिवाद पर्यटनाच्या उत्पन्नावर उभा करणे ही घोडचूक ठरेल.

परंतु हिशेबाची खरी गोम याच्या पुढे आहे. खाजगी जमिनीला हा दर मिळतो. शासकीय जमीन आणि गायरान मात्र अशा प्रकल्पांना नाममात्र भाड्याने दिले जाते. एकाच शिवारात, एकाच उन्हाखाली, बांधाच्या अलीकडच्या हेक्टराला सव्वा लाख आणि पलीकडच्या हेक्टराला जवळजवळ काहीच नाही. हा फरक मातीतून आलेला नाही, तो दप्तरातील शब्दातून आलेला आहे. फुकट मिळणारी वस्तू आधी वापरली जाते, हा बाजाराचा प्राथमिक नियम आहे. गायरानाची किंमत शून्य ठेवली की प्रकल्प चालवणारा आपणहोऊन छपरांकडे, कालव्यांकडे, नापिकीमुळे खरोखर वाया गेलेल्या खाजगी जमिनींकडे वळणार नाही. तो आधी गायरानाकडेच येणार.

शेतकऱ्याला दिवसा वीज मिळाली पाहिजे, याबद्दल दुमत नाही. रात्री-अपरात्री विंचू-काट्यांत मोटार चालू करायला जाणाऱ्या माणसापुढे चंडोलाचे गुणगान करणे हा निर्दयपणा होईल. प्रश्न वीज हवी की नको, असा नाही. तिच्यासाठी कोणती जमीन आधी द्यावी, आणि दिली तर तिची किंमत कोणाच्या पदरात पडावी, हा प्रश्न आहे. आज त्या जमिनीवर चरणाऱ्या शेळीच्या मालकिणीला विचारले जात नाही, आणि तेथे अंडी घालणाऱ्या माळटिटवीची तर नोंदच नाही.

भूमिहीनांचा हक्क

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. मराठवाड्यात गायरान हा केवळ निसर्गाचा विषय कधीच नव्हता. गावकीच्या व्यवस्थेत ज्यांना इंचभरही जमीन मिळाली नाही, त्या दलित कुटुंबांनी गायरान कसून पोट भरले. त्यासाठी मार खाल्ला, खटले सोसले. १४ एप्रिल १९९०पूर्वीची अशी वहिवाट नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१मध्ये घेतला तो या चळवळीच्या रेट्यामुळे. तरीही अनेकांच्या सातबाऱ्यावर आजवर नाव चढलेले नाही. २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याविषयी जो निकाल दिला, त्याचा आधार घेऊन धनदांडग्यांच्या बांधकामांना हात न लावता गरिबाच्या दोन एकरांवर नांगर फिरवला जाण्याची भीती खरी आहे. उद्या पक्ष्यांच्या नावाने हेच होणार नाही कशावरून?

या आक्षेपाला एकच प्रामाणिक उत्तर आहे. ज्या गायरानावर भूमिहीनांची जुनी वहिवाट आहे, ते त्यांचे म्हणून आधी मान्य करावे आणि माळ राखण्याची चर्चा उरलेल्या मोकळ्या क्षेत्रापुरतीच करावी. शहरातून दुर्बीण घेऊन येणाऱ्याच्या आनंदासाठी कोणाची भाकरी हिरावली जाणार असेल, तर तो आनंद न मिळालेलाच बरा. मात्र याच न्यायाने हेही म्हटले पाहिजे की, वहिवाट करणाऱ्याला अतिक्रमणदार ठरवून हाकलायचे आणि तीच जमीन कंपनीला नाममात्र भाड्याने द्यायची, यात सार्वजनिक हित शोधणे कठीण आहे.

करण्यासारखे काही

उपाय नवे नाहीत आणि फार खर्चाचेही नाहीत. २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असणे अपेक्षित आहे. अनेक ठिकाणी ही नोंदवही ठराविक मजकूर उतरवून पुरी केली जाते. औसा तालुक्यातील प्रत्येक गायरानाची किमान एक पावसाळा आणि एक हिवाळा पाहणी व्हावी; कोणता पक्षी कोठे अंडी घालतो, भोवत्या कोठे उतरतात, कळप कोणत्या वाटेने जातात, हे त्या नोंदवहीत लिहिले जावे. जमीन कोणत्याही प्रकल्पाला देण्यापूर्वी ग्रामसभेसमोर ही नोंद वाचली जावी.

ज्या माळांचे महत्त्व नोंदीतून सिद्ध होईल, त्यांना याच कायद्याच्या ३७व्या कलमानुसार जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मागता येतो. राज्यात आलापल्लीच्या वनाला २०१४ साली असा दर्जा मिळाला. अभयारण्यापेक्षा हा मार्ग निराळा आहे. तो स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून जातो आणि लोकांची चालत आलेली वहिवाट मोडण्याची त्यात गरज नसते. माळावर चराई चालू राहावी, किंबहुना ती चालू राहणे ही अटच असावी.

यानंतर प्रवाशाला बोलवावे, आधी नव्हे. तो आला तर त्याचे शुल्क ग्रामपंचायतीच्या स्वतंत्र खात्यात जमा व्हावे, वाटाडे शक्यतो मेंढपाळांच्या आणि भूमिहीनांच्या घरांतले असावेत, आणि चैत्रापासून आषाढापर्यंत, पक्षी जमिनीवर अंडी घालतात त्या काळात, माळावर वाहन जाऊ नये. डांबरी रस्ता, मनोरे, विश्रामगृहे यांची गरज नाही. हुरड्याचा हंगाम आणि पाहुण्या पक्ष्यांचा हंगाम एकच असतो. ज्वारीच्या शेतातील हुरडा, भाकरी आणि पहाटेचा माळ एवढे भांडवल पुरे आहे. त्या निमित्ताने रब्बी ज्वारीच्या एखाद्या पट्ट्याला चार पैसे अधिक मिळाले तर भोरड्यांचाही त्यात लाभ आहे.

आणखी एक काम शाळा-महाविद्यालयांचे आहे. राज्यात २०२०पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांनी जोडलेला हा आठवडा आहे. २०२५मध्ये दिवंगत झालेल्या चितमपल्लींनी पक्ष्यांची लोकांच्या तोंडची नावे रानात फिरून, पारध्यांना व गुराख्यांना विचारून गोळा केली आणि मराठीला पक्षिकोश दिला. लातूरमध्ये हजारो विद्यार्थी वैद्यकीय प्रवेशासाठी जीवशास्त्राचा रात्रंदिवस अभ्यास करतात. त्यांतील कितीजणांनी तासाभराच्या अंतरावरील माळावरचा धाविक पाहिला असेल? या विद्यार्थ्यांनी आठवड्यातील एक सकाळ माळावर घालवली आणि मेंढपाळाकडून पाच नावे शिकून घेतली, तरी नोंदवहीचे निम्मे काम होईल.

पक्षिनिरीक्षकाच्या प्रवासाचे मोल त्याने गावात ठेवलेल्या पैशांपुरते नाही. दूरवरून आलेला माणूस पहाटे माळावर उभा राहतो, वहीत नावे टिपतो आणि परत जातो. त्याच्या वहीतील प्रत्येक नाव तलाठ्याच्या दप्तरातील ‘पडीक’ या शब्दाविरुद्धची साक्ष असते. अशी साक्ष जमवण्यासाठी वेळ थोडा आहे. गवत नांगरले गेले, खणले गेले वा काचेखाली झाकले गेले, तर ते पुन्हा पूर्ववत होण्यास पिढ्या लागतात, आणि माळढोकासारखा पक्षी एकदा गेला की परत येत नाही, हे नान्नजने दाखवून दिले आहे. औसा तालुक्यातील ग्रामसभांनी आपल्या गायरानांविषयीचा ठराव प्रकल्पांचे अर्ज येण्यापूर्वी करावा. अर्ज आल्यावर होणारी चर्चा जमीन द्यावी की नाही याची नसते. ती फक्त कोणाच्या सहीने द्यावी, एवढीच उरते.